उत्तरेच्या समुद्रात पाठमोरी

माझ्या नणंद रुख्माबाई यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो साठी उलटल्यावर, आणि तोही थेट नॉर्वेचा. सौंदडला त्यांची धानाची शेती आहे. लग्न होऊन आल्यापासून त्या शेतात राबल्या. आमच्याकडे गोंदियाला आल्या तरी संध्याकाळच्या गाडीने परत जायची घाई, कारण घरी गाई. अशा बाईंनी बर्फाळ समुद्रात नाव वल्हवली, हे लोकांना खरं वाटत नाही. म्हणून मी सविस्तर लिहिते आहे.

माझी मुलगी रुचिका माशांच्या अभ्यासासाठी नॉर्वेच्या अगदी उत्तरेला राहते. दोन वर्षांपूर्वी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नेमका तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये, आणि मला सोडून माझे यजमान वीरेंद्र जाऊ शकत नव्हते. रुचिकाच्या पदवीदानाला जाऊ म्हणून घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट काढून ठेवले होते, त्यात बाईंचाही होता.

"पोरगी तिथं एकटी पडली आहे. मी जाईन," बाई म्हणाल्या.

त्यांचे यजमान हिरालाल भाऊजी खाटेवरून हसले. "इथं दिवाळीपासून आंघोळीले गरम पाणी मांगते, आन् निघाली बर्फात!"

"तुम्हाले कोण तापवून देईल, त्याची चिंता करा," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

रुचिका लवकर बरी झाली. मग बाईंना करमेना. रुचिका राहते त्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचं एक मंडळ आहे. उन्हाळ्यात त्या लाकडी नाव वल्हवत किनाऱ्याकिनाऱ्याने लांब जातात. रुचिकाही मदतनीस म्हणून त्यांच्यात असते. बाई रोज धक्क्यावर बसून पाहायच्या. एक दिवस मंडळाच्या बायकांनी बाईंना नावेत बोलावलं. आपल्याकडच्या डोंग्यात बसतात तशा बाई पुढे तोंड करून बसल्या. त्यांनी बाईंना खांदे धरून उलटं वळवलं. वल्हवताना जायच्या दिशेला पाठ करायची असते.

बाईंनी दहा-बारा वेळा वल्हं ओढलं आणि ओरडल्या, "हे तं रोवणीच होये!"

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आमच्याकडे मागे सरकत करतात. बायका एका ओळीत चिखलात वाकतात, समोर रोपं खोचतात आणि एकेक पाऊल मागे टाकतात. मागे काय आहे ते दिसत नाही. समोर लावलेली ओळ सरळ दिसली की आपण नीट चाललो आहोत असं समजायचं. नावेतही तेच. मागे राहिलेली पाण्यावरची रेघ सरळ पाहिजे. रुचिकाने हे त्या बायकांना समजावलं, तर त्यांना ते पाहायचंच होतं. बाईंनी उभं राहून, वाकून रोवणी करून दाखवली आणि नाव उलटता उलटता राहिली.

परतताना त्यांना पुढच्या उन्हाळ्याचं आमंत्रण मिळालं होतं. किनारा सोडून, उघडा समुद्र ओलांडून एका बेटावर जायचं. हिवाळाभर दर रविवारी त्यांचा मुलगा गजेंद्र मोटारसायकलवर त्यांना इटियाडोहच्या धरणावर नेत होता. तिथले मासेमार सेवकराम यांनी आपल्या नावेला दोन बाजूंना वल्ही बांधून दिली. पण हसायचं काही सोडलं नाही.

"मावशी, उलटी बसून कुठं जाऊन राहिली? भिंतीवर आदळशील नं!"

"तू कायले बसला आहेस मंग? भिंत आली की सांग."

माझा मात्र साफ विरोध होता. त्या नावेत रुचिकाही बसणार होती. तिथल्या पाण्याविषयी मी जेवढं वाचत गेले तेवढी माझी झोप उडाली.

"बाई, त्या पाण्यात पडलेलं माणूस थोड्याच वेळात गारठून जातं," मी म्हटलं.

"मी पडाले नाही जाऊन राहिली, रीता. वल्हवाले जाऊन राहिली."

"तुम्ही जा. पण माझी मुलगी?"

"ती माह्या समोर बसेल. माह्या डोयापुढं राहील. एवढंच म्हणू शकतो मी."

पुढचं मी रुचिकाने सांगितलेलं आणि बाईंनी कबूल केलेलं जुळवून लिहिते.

जूनमध्ये त्या निघाल्या. नावेत सहा वल्हेकरी आणि सुकाणूवर मंडळाच्या प्रमुख बाई. सुकाणूला सर्वांत जवळच्या वल्ह्यावर रुचिका, तिच्या पाठीमागे आमच्या बाई. त्यामुळे बाईंना रुचिकाची पाठ दिसत होती, रुचिकाला बाईंचा फक्त आवाज येत होता. बाई रोवणीची गाणी म्हणायच्या आणि त्या तालावर सगळी वल्ही पडायची. नियम एकच, तोही रुचिकाने बाईंना दोनदा मराठीत सांगितलेला. बोटं बधिर झाली की वल्हं वर करायचं आणि बोलायचं. नाव थांबते, कोरडे हातमोजे मिळतात. यात लाज नाही.

अर्ध्या वाटेत वारा फिरला. लाटांचं पाणी अंगावर यायला लागलं, हातमोजे भिजले. बाईंच्या डाव्या हाताची दोन बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. त्यांना नियम आठवत होता. पण रोवणीत बांधीचा धुरा, म्हणजे शेताच्या त्या तुकड्याचा बांध, आल्याशिवाय कोणी कंबर सरळ करत नाही. एक थांबली की ओळ तुटते, शेजारणीला तिची जागा भरावी लागते आणि सगळ्या मिळून टोमणे मारतात, "काऊन वं, कंबर मोडली का?" चाळीस वर्षं अंगात मुरलेली ही सवय. बाई ओढत राहिल्या आणि गात राहिल्या.

मग त्यांना दिसलं की रुचिकाचं वल्हं पाण्यात उशिरा पडतं आहे. आधी किंचित, मग प्रत्येक वेळी.

"रुचिका, हात कसे आहेत?"

"ठीक आहेत, आत्या."

"खरं सांग."

रुचिकाने आणखी एकदा वल्हं ओढलं. "तू गाऊनच राहिली नं. म्हटलं, आत्याला होतं तर मला का नाही होणार?"

बाईंनी गाणं तोडलं. वल्हं सरळ आभाळाकडे उभं केलं आणि ओरडल्या, "थांबा!" भाषांतराची कोणाला गरज पडली नाही.

रुचिकाची तीन बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. बाईंची दोन. प्रमुख बाईंनी रुचिकाचे हात आपल्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरले. आमच्या बाईंनी आपले काखेत दाबले. कोरडे हातमोजे चढवले तरी दोघींना वल्हं धरता येईना. उरलेल्या चौघींनी नाव वळवली आणि जवळच्या खडकाळ किनाऱ्याला लावली. बेट राहिलं.

मला फोन बाईंनीच केला, रुचिकाला करू दिला नाही.

"रीता, पोरीचे हात गारठले. डॉक्टर म्हणते, बोटं वाचली. चूक माही आहे. मले समजून राहिलं होतं, तरी मी चूप होती. म्हणून ती चूप राहिली."

मी खूप बोलणार होते. माझ्या भीतीचा सगळा हिशेब तयार होता. पण समोरच्या माणसाने काही लपवलंच नाही, तर भांडायचं कशाशी? मी एवढंच विचारलं, "आणि तुमची बोटं?"

"जागची जागी आहेत. कातडं निघून राहिलं."

पंधरा दिवसांनी बोटं बरी झाली, वारा पडला. सौंदडला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवणीला येत होते, बाईंचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. मंडळ पुन्हा निघणार होतं. रुचिकाचा फोन आला. "आई, मी जाऊ का? तू नाही म्हणालीस तर नाही जाणार."

एवढी मोठी मुलगी, पण तिने खरंच विचारलं होतं. माझ्या तोंडात 'नाही' तयारच होतं.

"आत्या बसणार आहे का?" मी विचारलं.

"बसणार. पण तिची अट आहे. प्रत्येक गाणं संपलं की नाव थांबवायची आणि सगळ्यांनी हातमोजे काढून बोटं दाखवायची. प्रमुख बाईंनीसुद्धा. त्या म्हणाल्या, वेळ जाईल. आत्या म्हणाली, जाऊ द्या."

लोक मला विचारतात, या वयात बाईंना भीती कशी वाटली नाही? मला त्याचं फारसं कौतुक वाटत नाही. न भिणाऱ्या माणसांचीच मला भीती वाटते. सगळ्या नावेसमोर, आपल्याच गाण्याच्या मध्ये, जिने वल्हं वर केलं तिचं मला कौतुक वाटतं. तिच्या नावेत मी मुलगी बसवू शकत होते.

"जा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बेटावरून फोन आला. वाऱ्याने अर्धं ऐकू येत नव्हतं.

"पोचलो वं, रीता! पोरीची दाही बोटं लाल आहेत, मी पाहिली. इथं एक झाड नाही, गाय नाही, चहाचं दुकान नाही. कायले आलो माहीत नाही!" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मी फोन कानापासून दूर धरला.