सुतळीनं बांधलेलं दार

सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात शिंगणापूरहून दादाचा फोन आला. "सुमे, तुझी वहिनी गेली," एवढंच बोलला. महिना होत आला, पण अजून चहा गाळताना हात थांबतो...

शांतावहिनीनं देवळाच्या रस्त्यावर तेल आणि रुईच्या माळांचं दुकान उभं केलं, आणि चालवलं कसं, तर रुबाबात! घासाघीस करणाऱ्या भाविकाला म्हणायची, "देवाकडं मागताना असं कमी मागता का हो?" तिला लिम्फोमा झाला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर, तोही दुर्मिळ जातीचा. आधी मानेत. केमोसाठी ती केडगावला माझ्या फ्लॅटवर राहायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "वन्सं, खोलीचं दार तेवढं लावू नका, माझा जीव घुसमटतो." आमच्या गावात घरांना दारं नसतातच, फार तर पडदा. वाऱ्यानं दार आपटायला लागलं तशी तिनं सुतळी मागून घेतली आणि कडी पलंगाच्या पायाला बांधून टाकली.

गाठ विरली, केस आले. दोनेक वर्षांनी डावा डोळा सुजला. कॅन्सर परत आला होता, आणि कुठं, तर अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथीत! तिथं तो क्वचितच येतो म्हणे. तिला कळू नये म्हणून दादानं डॉक्टरांच्या केबिनचं दार लोटून घेतलं. ही बाहेर कसली बसते? दार ढकलून आत. "माझ्या डोळ्याचं माझ्यामागं काय बोलता? आपल्या घराला कधी दार हुतं का?" मग डॉक्टरांनी तिलाच सगळं सांगितलं, आता बरं होण्याची आशा नाही हेसुद्धा. ती म्हणाली, "जन्मात रडले न्हाई मी. रिकामी जागा बघूनच शिरला असंल त्यो." डॉक्टरांनाही हसू आलं. मला ते सोसवलं नाही.

उपचार थांबवून घरी जायचं तिनंच ठरवलं. सुजल्या डोळ्यानं दुकानात बसली. शनीची नजर लागली, असं कुणीतरी कुजबुजलं. "एवढ्या गर्दीत देवाला मीच दिसले व्हय?" काय बाई होती! शेवटपर्यंत तिच्यापासून कुणी काही लपवलं नाही. तिनं लपवूच दिलं नाही.

परवा दादाचा फोन आला. कधीही विचारा, "बरा हाय" म्हणून मोकळा होणारा माणूस. या वेळी म्हणाला, "सुमे, आज गल्ल्यावर बसून लई रडलो..." मी ऐकत ऐकत तिच्या खोलीशी गेले. सुतळी जरा सैल पडली होती. फोन खांद्याशी धरून मी ती पुन्हा घट्ट बांधली.