यशोधराचा ऐकायचा कोर्स

आमच्या मोरिवलीच्या चाळीत एकाच घरातून रोज संध्याकाळी "तुम्हाला कसं वाटतंय?" असा आवाज यायचा, आणि उत्तर काही ऐकू यायचं नाही. मला वाटलं, यशोधराकडे कुणी पाहुणा आलाय. साखरेच्या निमित्ताने वाटी घेऊन डोकावले. बघते तर बाई कपाटाच्या आरशापुढे स्टूल टाकून बसलेली, मांडीवर वही, आणि स्वतःच्याच तोंडाकडे अशी मायेने बघतेय की आरसाच लाजावा.

"काय गं, स्थळ आलंय की काय?"

"मावशी, प्रॅक्टिस करतेय. समोरच्याचं ऐकून घ्यायची."

"समोर तर तूच आहेस."

"म्हणून तर कोणी काही बोलत नाही," ती म्हणाली आणि वाटी भरायला आत गेली. दोन वाट्या पालथ्या घातल्या होत्या, त्यातली एक कधीच ओली नसायची.

शेचाळीस वर्षांची आहे. नवरा राजेंद्र जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी रोहिणी लग्न होऊन नाशिकला. आनंदनगरच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या पॅकिंगला बावीस वर्षं काढली. मीही तिथूनच रिटायर झाले, म्हणून सांगते, सुपरवायझर झाली तिथेच पोरगी फसली. पॅकिंगच्या बायका दुपारी गोल करून बसतात, डबे मधे सरकवतात, एकीची सुकट दुसरीच्या भाकरीवर जाते. सुपरवायझरने त्यात बसू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण ती टेकायच्या आत बोलणं थांबतं. मग ही खिडकीपाशी उभ्यानेच जेवायची. घोड्यासारखी, असं मी चिडवायची.

त्यातच तिच्या लाइनवरची एक बाई महिनाभर बाथरूममध्ये जाऊन रडत होती, आणि हिला पत्ताच नाही. कळलं तेव्हा ती काम सोडून गेलेली. ते हिच्या मनाला इतकं लागलं की कोर्सच धरला. मानसिक आरोग्याचा, कामाच्या जागी आणि वस्तीत माणसांना आधार कसा द्यायचा त्याचा. दर रविवारी कॅम्प पाच भागात क्लास. पेपर पास झाली. राहिलं एकच: एका खऱ्या माणसाचं मनापासून ऐकायचं आणि त्याची नोंद वहीत लिहून मार्चअखेर द्यायची. नाही दिली तर नापास, परत जूनपासून.

कंपनीने बुधवारी जेवणाच्या सुट्टीत फर्स्ट एडची खोली दिली. चार बुधवार गेले. एक माणूस फिरकला नाही.

"तू तिथे वाघीण बसवलीस काय गं?" मी विचारलं.

"नाही हो. टेबल, दोन खुर्च्या, पाणी, रजिस्टर."

"कसलं रजिस्टर?"

"नाव, टोकन नंबर, यायचं कारण. क्लासच्या मॅडम म्हणाल्या नोंद ठेवा. स्टोअरमधून लाल पुठ्ठ्याचं मिळालं."

मी कपाळाला हात लावला. अगं, तसल्याच लाल रजिस्टरात लेट मार्क लागतात! तीनदा नाव आलं की मेमो. बावीस वर्षं स्वतः त्याला घाबरलेली बाई, आणि तेच उघडून दारात बसली.

"मग आता काय करू?"

"ऊठ तिथून. खोके वळायला बस. बाईचे हात रिकामे असले ना, की तोंड उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी बसली. शेजारी नवसी, बारवीकडच्या पाड्यावरून येणारी. बिचारीच्या बोलण्याला बाकीच्या हसायच्या, म्हणून ती बोलायचीच बंद झाली होती. तीन दिवस दोघी नुसत्या खोके वळत होत्या. चौथ्या दिवशी नवसी म्हणाली, "ताय, तुमचा खोका वाकडा हाय."

सुपरवायझरचा खोका! सवय गेलेली ना हाताची. यशोधरा हसली, नवसी हसली, तिने खोका मोडून परत वळून दाखवला. आणि मग खोक्याकडेच बघत बोलायला लागली. जेवणाची बेल झाली तरी बोलत राहिली.

काय बोलली? मला आजतागायत माहीत नाही. मी कमी खोदलं असेल का? चहा पाजला, भजी घातली, रुसून दाखवलं. यशोधरा ढिम्म. एवढंच म्हणाली, की बेल झाल्यावर नवसीने तिचं मनगट धरलं. "ताय, ह्या लिवू नका. नाव नको, गाव नको, कायच नको." आणि ही हो म्हणाली.

शेवटच्या रविवारी किर्ती मॅडमनी समजावलं, नाव बदला, गाव बदला, सगळेच तसं लिहितात. "मी तिला हो म्हटलंय, मॅडम," म्हणाली आणि कोरी वही टेबलावर ठेवून आली. मॅडम हळहळल्या, पण नापासच केलं.

"पोरी, खोटं काहीतरी रचायचंस," मी म्हटलं. "मीच आले असते, माझी दुखणी काय कमी आहेत?"

"तुमची एका वहीत मावणार नाहीत, मावशी."

आता खोके वळायच्या बाकावर तिच्याशेजारी कधी नवसी असते, कधी दुसरी कोणी. जेवणाचा गोल मात्र अजून मिटलेलाच. ती खिडकीपाशी उभी.

परवा संध्याकाळी तिच्या घरातून काहीच आवाज येईना. मी वाटी घेऊन गेले.

"तुमच्या घरात साखर टिकतच नाही वाटतं," ती म्हणाली. एकटीच चादरीची घडी घालत होती, एक टोक हनुवटीखाली दाबून. मी वाटी ठेवली आणि दुसरं टोक धरलं. दोघींनी चादर ताणली, झटकली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "राजेंद्र गेला ना, त्या दिवशी..."

पुढचं मी लिहिणार नाही.