कमळीच्या माहेरचं दुखणं

कमळीच्या माहेरी एक दुखणं होतं आणि ते तिनं जन्मभर गिळलं. सिद्धगडाच्या पायथ्याला तिचं गाव. तिथं तिचा भाऊ विठू पोरवयातच पायांनी अधू झाला, खाटेला खिळला आणि मिसरूड फुटायच्या आत गेला. कमळीच्या लग्नात आईनं शपथ घातली, "सासरी विठूचं नाव काढू नको गो." पाळायला जगात शंभर गोष्टी आहेत, पण या बाईनं नेमकी हीच पाळली.

टोकावड्याला सासरी तिचा साईनाथ शाळेत जायच्या वयात पडायला लागला. जमिनीवरून उठायचं तर स्वतःच्याच गुडघ्यांवर हात टेकत टेकत उठायचा. मुरबाडच्या डॉक्टरनं विचारलं, "आईच्या माहेरी कुणाला असं होतं?" शेजारी सासू हिराबाई बसलेली. दोष माहेरावर येईल या धाकानं कमळी म्हणाली, "नाय." झालं! पोराला वर्षानुवर्षं कॅल्शियमच्या गोळ्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय?

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात स्नायू झिजवणारा हा रोग कळला तोवर साईनाथचं चालणं संपलं होतं. तिथं एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. स्नायू धडधाकट ठेवायचा जो निरोप पेशीत जातो, तोच या पोरांत चुकलेला असतो. हे औषध निरोपातला तो चुकीचा भाग गाळायला लावतं. पण एकट्या औषधाला पेशी दारातूनच परतवून लावते, म्हणून त्याला पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, जोडतात. "सोयरिकीत मध्यस्थ असतो ना, तसा. तो बरोबर असला की आत घेतात." कमळीला हे चटकन कळलं. पण चाचणीत घेत होते ते जमिनीवरून आपलं आपण उठणाऱ्या पोरांनाच. "थोडं आधी आणायचं होतं," बाई म्हणाल्या. "आणि याच्या बहिणीलाही तपासा. तिला त्रास नसेल, पण तिच्या मुलाला होऊ शकतो."

थोरल्या रेश्माला तपासलं नाही. लोक काय म्हणतील!

मग शहापूरची माणसं रेश्माला बघायला आली. साईनाथला सकाळीच शेजारच्या गोदूकडे नेऊन ठेवलं, पाहुण्यांच्या नजरेआड. मुलगी पसंत पडली. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी हातात घेत सहज विचारलं, "घरात काय दुखणंबिखणं नाय ना?"

तोच जुना शब्द कमळीच्या जिभेवर आला. पण उद्या या बाईच्या अंगणात नातू गुडघ्यांवर हात टेकत उठेल, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं, आणि तिच्यानं खोटं बोलवेना. तिनं विठूचं सांगितलं, साईनाथचं सांगितलं, रेश्माला तपासायला हवं तेही सांगितलं. पाहुणे पोहे तसेच ठेवून उठले.

रेश्मा रडली नाही. बशा गोळा करता करता म्हणाली, "माझ्या वेळेलाच खरं बोलायचं सुचलं तुला? डॉक्टरनं विचारलं तेव्हा बोलली असतीस, तर साई आज चालत असता."

कमळी पोराला आणायला गोदूकडे गेली. साईनाथ पडवीत वाट बघत होता.

"गेले पावणे? माझ्यासाठी पोहे ठेवलेस काय गो?"

"लय उरलेत," ती म्हणाली, आणि त्याला उचलायला वाकली.