कासवाला हात लावू नका!

प्राथमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवलात की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "ए, तुझ्या त्या नेरूळच्या शाळेतलं सांग ना!" मी सांगते, त्या पोट धरून हसतात. माझं मात्र इतक्या वर्षांनी अजून डोकं फिरतं!

* * *

नव्वदनंतरची गोष्ट. शाळेत चार कॉम्प्युटर आले. नारळ फुटला, हार चढले आणि मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांच्यावर झालरीची कव्हरं घातली. मुलं चपला काढून, हाताची घडी घालून नुसती बघायची.

मी म्हटलं, "मॅडम, मुलांना बसू द्या ना."

"अहो, हात लावतील ती!"

"हात लावायलाच आणलेत ना?"

"मग बिघडल्यावर पाहुण्यांना काय दाखवायचं?"

* * *

भांडून भांडून कव्हरं निघाली. मी मुलांना स्क्रीनवरचं कासव चालवायला शिकवलं. 'फॉरवर्ड पन्नास' म्हटलं की ते सरळ रेघ काढतं, 'राइट नव्वद' म्हटलं की उजवीकडे वळतं. पोरं वेडी झाली!

आठवड्यात एक पालक तावातावानं आले. "मॅडम, माझ्या मुलाला इंजिनिअर करायचाय. तुम्ही त्याला कासवं काय काढायला लावता? वरच्या वर्गाचं काहीतरी पाठ करून घ्या!"

मुलगा दुसरीत होता. त्याला त्यांनी माझ्या क्लासमधून काढला. जाताना तो दारात वळून कासवाकडेच बघत होता.

* * *

परीक्षेत प्रश्न होता, चौकोन काढायचा प्रोग्राम लिहा. पुस्तकात आठ ओळींचा होता. चौथीतल्या रूपालीनं 'हेच चार वेळा कर' अशी कमांड वापरून एका ओळीत उरकला. कुणी शिकवलं नव्हतं, तिनं स्वतः शोधलं होतं. सुपरवायझर सरांनी भोपळा दिला!

मी पेपर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "सर, चौकोन बरोबर येतोय."

"चौकोन येऊन काय करायचंय, बाई? पुस्तकातलं उत्तर यायला पाहिजे!"

* * *

प्रदर्शनासाठी मुलांनी मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि पावडरच्या डब्यांची झाकणं जोडून गाडी बनवली. वाकडी चालायची, पण चालायची! आदल्या दिवशी मॅडमनी ती भंगार म्हणून फेकली आणि वाशीहून आणलेला चकचकीत रोबो टेबलावर ठेवला.

पाहुण्यांनी विचारलं, "अरे वा, कुणी बनवला?"

"आमच्या मुलांनी!" मॅडम म्हणाल्या.

नेरूळ गावातला महेश ताठ उभा. "यो आमचा नाय. आमची गाडी कचऱ्यान टाकलीय!"

दुसऱ्या दिवशी त्याला वर्गाबाहेर उभा केला. खरं बोलल्याबद्दल!

* * *

एकदा लाइट गेले, म्हणून मी तिसरीला पॅसेजमध्ये खेळ दिला. एकानं डोळ्यांवर रुमाल बांधून रोबो व्हायचं, दुसऱ्यानं कमांड द्यायच्या. रोबोनं फक्त त्याच ऐकायच्या. संदेश रोबो झाला. वैशाली कमांड देत होती. तिचे वडील न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचे, तिचा आवाजही तसाच खणखणीत.

"फॉरवर्ड दहा!"

तेवढ्यात कोपऱ्यावरून सुपरवायझर सर आले. संदेश सरळ त्यांच्या पोटावर आपटला.

"ए, बाजूला हो!"

संदेश कसला हलतोय! त्याला वैशालीची कमांड नव्हती.

"ऐकू येत नाही का रे?" म्हणत सरांनी मी पोचायच्या आत सणसणीत थोबाडीत मारली. रुमाल घसरला. संदेशच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगा जागचा हलला नाही.

मी तोंड उघडणार, तोच वैशाली मध्ये येऊन उभी राहिली.

"सर, रोबोला कशाला मारता? तो चुकला तर चूक कमांड देणाऱ्याची असते."

आणि तिनं आपला हात त्यांच्यापुढे केला. "कमांड मी दिली होती."