सैल झालेले दोन स्क्रू

मिस्त्रीला एका जागी बसवत नव्हतं. दवाखान्यातल्या खुर्चीवर दोन मिनिटं टेकायचा, उठायचा, खिडकीपर्यंत जायचा आणि परत यायचा. समोरच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून आवळूनही टाकली.

"घरची बिजागरी वर्षभर रडतेय," पाठीला पट्टा बांधून बसलेली त्याची बायको म्हणाली.

तिच्या कमरेच्या मणक्यांत सहा स्क्रू होते. घसरलेला मणका जागेवर धरायला सात महिन्यांपूर्वी ते बसवले होते. चार महिने बरे गेले. मग उठता-बसता आत काहीतरी हलतंय, असं ती सांगू लागली. "नवीन जोडकाम आहे, बसायला वेळ लागतो," असं मिस्त्री तिला तीन महिने ऐकवत राहिला. लाकडात मुरलेला माणूस, त्याला सगळं जगच लाकडाचं वाटे. परवा एक्स-रे काढला तेव्हा खालचे दोन स्क्रू सैल झाल्याचं कळलं. तेव्हापासून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि रोख होता ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंवर.

नंबर आल्यावर बायकोला उठवायला नको म्हणून तो एकटाच आत गेला.

"स्क्रू सैल झाला म्हणजे बसवणाऱ्याचा हात कच्चा," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पस्तीस वर्षं हेच करतोय मी. उघडा आणि जाड स्क्रू घाला."

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. त्या दोन स्क्रूंभोवती बारीक काळी कड दिसत होती. "स्क्रू वाकलेसुद्धा नाहीत. हाडाने धरलं नाही त्यांना. भुसभुशीत लाकडात तुम्ही स्क्रू मारता का?"

"छे. आधी ठोकून बघतो," तो बोलून गेला. ते खरंच होतं. बोटाने वाजवून, नखाने दाबून बघितल्याशिवाय तो फळीत स्क्रू मारत नसे. बाजारात त्याला ठोक्या मिस्त्री म्हणत ते उगाच नाही.

बाईंनी फाइलमधला जुना कागद त्याच्यापुढे सरकवला. हाडं ठिसूळ आहेत का ते आधी तपासा, असतील तर आधी औषध आणि मग ऑपरेशन, असं त्यावर लिहिलं होतं. त्याखाली 'तपासणी नको' आणि त्याची ठसठशीत सही.

"तुम्ही घाई केलीत आणि मी ऐकलं," बाई म्हणाल्या. "माझंही चुकलंच."

मिस्त्रीने सहीखालची तारीख पाहिली. त्या वेळी शाळेचे चाळीस बाक करायचे होते. ऑपरेशन लांबलं असतं तर तिचं दुखणं ऐन कामात आलं असतं. हाडाचं काय तपासायचं, म्हणत त्याने सही ठोकली होती. आता हाड बळकट करायला रोज एक इंजेक्शन, निदान सहा महिने, असं बाईंनी सांगितलं. हाड भरलं तर नवे स्क्रू. नाही भरलं तर काय, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

बाहेर येऊन त्याने काही न लपवता बायकोला सगळं सांगितलं. तिने पट्ट्याचं टोक ओढून घट्ट केलं.

"झाले का ते बाक?"

"कधीच झाले."

"त्यातला एखादा हलतो का हो?"

"नाही," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या चोख कामाची लाज वाटली.