पूर्वसाच्या फोल्डरातला कागद

विमलाच्या तोंडी लागायचं धाडस कसालच्या बाजारात कुणी करत नाही. काजू घेणारा व्यापारी तिच्यासमोर तराजूला बोट लावत नाही, आणि तलाठी तिला पाहिलं की आपणहून खुर्ची पुढे करतो. शिक्षण सातवी नापास. पण चिऱ्याच्या खाणीविरुद्ध अकरा वर्षं गाव ज्या दोघांच्या जिवावर उभं होतं, त्यातली एक ती. दुसरा तिचा थोरला दीर धोंडू. भांडण तिचं, कागद त्याचे.

खाणवाल्यांना गावाचा सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, हवा होता. त्याच सड्याच्या पोटातून निघणारा झरा आठ वाड्या पितात. चिरे कापत खाली गेलं की झरा मेला, हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. सिद्ध करायला मात्र कागद लागतो.

धोंडू पोस्टमन. निवृत्त झाल्यावर त्याने मुलीकडून, आकांक्षाकडून, कॉम्प्युटर शिकून घेतला. संशोधन करणारी माणसं टिपणं, फोटो, आवाज एकत्र लावून ठेवतात तसलं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्याने धरलं आणि चार हजारांवर नोंदी त्यात भरल्या. माहितीच्या अधिकाराची उत्तरं, नकाशे, म्हाताऱ्यांच्या मुलाखती. विचारलं की म्हणायचा, "बासष्ट सालचो पंचनामो आसा माझ्याकडे. वेळ येयत तेवा दाखवीन." वेळ आली, पण तो पौषातच गेला.

मंगळवारी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, सुनावणी. अधिकाऱ्याने तोच पंचनामा मागितला होता. झऱ्यावर आठ वाड्यांचा हक्क लिहिलेला दुसरा कागद कुठेच नव्हता.

गुरुवारी भर दुपारी विमला आणि आकांक्षा धोंडूच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. 'पंचनामा' शोधलं तर त्रेसष्ट सापडले, पण हवा तो एकही नाही.

"काकी, बाबांनी ह्या काय करून ठेवल्यानी?" आकांक्षा वैतागली. "फोल्डरात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी फोल्डर. सर्व्हे नंबर नाय, तारीख नाय. मी सगळा मोडून तारखेवार लावतंय."

"हात लावून बघ. बोटां मोडीन."

वरच्या फोल्डरचं नाव रवळनाथ. त्याच्या आत चव्हाटो. चव्हाट्याच्या आत देवचार, शिवेचा राखणदार. विमला वाचत होती आणि वाचता वाचता तिचे ओठ हलायला लागले. हे तर गाऱ्हाणं! देवळात गावाच्या वतीने देवाला घालतात ते. तीस वर्षं ते धोंडूने घातलं. आधी ग्रामदेव, मग एकेक पायरी खाली, क्रम मोडायचा नाही. आणि नाव कुणाचं गाळायचं नाही. ज्याचं गाळलं तो कोपून बसतो. पोस्टातून सुटलेल्या माणसाने अकरा वर्षांचे कागद देवळातल्या क्रमाने लावले होते.

बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, त्यांनी मागे उभं राहायचं. विमलाने पदर खोचला.

"बा देवा रवळनाथा, आज तुका गाऱ्हाणा घालतंय..."

"होय म्हाराजा," गाऱ्हाण्याला मागचे देतात तसा जबाब देत आकांक्षा हसत म्हणाली. दुसऱ्या फोल्डरला तिचं हसू गेलं.

रवळनाथाखाली साऱ्या गावाचे कागद निघाले. चव्हाट्याखाली वाड्यांच्या सभा. देवचाराखाली शिवेचे नकाशे. आणि सगळ्यात आत पूर्वस. पूर्वस म्हणजे घराण्यातले होऊन गेलेले. तिथे एकतीस नावांचे एकतीस फोल्डर होते, आणि एकतीसही माणसं मेलेली. मुलाखत दिलेला कुणी गेला की धोंडू त्याचा आवाज वाडीतून उचलून इथे आणून ठेवत होता.

सावित्रीआजीचा आवाज सुरू झाला. "पाणी कसला? दात शिवशिवत, इतक्या थंड." मग दुसरा, मग तिसरा. बाहेर टळटळीत ऊन, आणि घरात गेलेली माणसं एकामागे एक उभी राहत होती. विमलाला वाटलं, पाठीशी कुणी खाकरलं. तिने वळून पाहिलं नाही.

शेवटचं नाव बाळा. तिचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

"काकी, ह्या उद्या बघूया."

"उघड म्हटलंय ना!"

आत एक फोटो आणि एक आवाज, दोन्ही धोंडूने टिपलेले. फोटोत बाळाची खाट, आणि त्याच्या कांबळ्यावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन कागद. पिवळा पडलेला तो बासष्टचा पंचनामा. दुसरा पांढराशुभ्र, खाणीला संमती देणारा. खाली बाळाची सही.

"भाऊ," बाळाचा दम लागलेला आवाज म्हणाला, "सही दिलंय मी. त्यांचो माणूस उद्या येतलो, जुनो कागद पण नेतलो. नेवंदे. रोजच्या ह्या भांडणाक माझो जीव कंटाळलो. तिका सांगू नको."

विमलाने बटण दाबून आवाज तोडला.

सह्या देणाऱ्यांना तिने भर बाजारात 'शिरा पडो तुमच्या हातार' म्हणून शिव्या घातल्या होत्या. नऊ वर्षं.

आकांक्षा हळूच म्हणाली, "काकी, बाजूचो कागद कापून टाकतंय. एका मिनिटाचा काम. कोणाक कळाचा नाय."

"तुझ्या बापाशीक कापूक येत नव्हता? अकरा वर्षां बसलो होतो तो हयसर." विमलाने पडद्यावर बोट ठेवलं. "त्यानं खोल नेऊन ठेवल्यान, पण टाकल्यान नाय. गाळलेलो माणूस खंय जाता म्हायत आसा? उंबऱ्यार येवन बसता. असोच छाप."

मंगळवारी ओरोसला तिने अख्खा फोटो टेबलावर ठेवला.

"मूळ कागद कुठे आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"या खाणवाल्यांकडे. ही शेजारची सही माझ्या नवऱ्याची. दोन्ही कागद यांच्याच माणसाने जोडीने नेले."

खाणवाल्यांचा वकील गालात हसला. "म्हणजे तुमच्याच घराने संमती दिली, बाई."

"दिली. लिहून घ्या. आणि झरा आठ वाड्यांचा होता, हेही त्याच ओळीत लिहा."

वकिलाचं हसू तिथेच राहिलं; सही खरी धरली, तर त्याच फोटोतला पंचनामाही खरा धरावा लागत होता. मूळ पंचनामा पंधरा दिवसांत हजर करा, तोवर सड्यावर यंत्र लावायचं नाही, असं अधिकाऱ्याने लिहून दिलं. पण बाहेर आल्यावर गावचं माणूस तिच्याकडे बघेना. येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामीच राहिली. कसाल जवळ आल्यावर तुळसा येऊन बसली. तिच्या सासऱ्याच्या सहीवरून विमलाने तिला सगळ्यांत जास्त बोल लावले होते.

"सरक गो वायच," तुळसा म्हणाली. "आता तू आमच्यातलीच."

विमला सरकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आकांक्षाला हाक मारली. तोडलेला आवाज थोडा उरला होता, तो तिला ऐकायचा होता.

आधी नुसता खोकला. मग धोंडूचं काहीतरी पुटपुटणं. मग बाळाने आवाज चढवून पाणी आणायला आतल्या बाजूला हाक दिली, "विमल गो, पाणी हाड!"

आतून भांड्याचा आवाज आला, आणि त्यामागून विमलाचाच, नऊ वर्षांपूर्वीचा करवादलेला आवाज. "हाडतंय, हाडतंय! दोनच हात आसत माका."

पावलं जवळ येत गेली, आणि आवाज संपला.

"परत लावू?" आकांक्षाने विचारलं.

विमला स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.