गोड पाणी आणि ब्याण्णव

असोद्याचं घर विकायला काढलं तेव्हा विहिरीचं पाणी तपासायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण घेणारा रोज तेच पिणार, तर त्यात काय आहे ते विकणाऱ्याला माहीत हवं. भोवती सगळी केळी; युरिया जमिनीत मुरून जाणार कुठे? जळगावच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. नायट्रेट ब्याण्णव. मर्यादा पंचेचाळीस.

घेणारे धुळ्याकडचे. बयाणा द्यायला मुलगा, त्याची आई आणि सून आले. सुनेच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. आईला आम्ही अक्का म्हणायचो. मागच्या खेपेला त्यांनी विहिरीचं पाणी कॅनमधून नेलं होतं.

"भाऊ, दाय एकदम मऊ शिजनी," त्या खुशीत म्हणाल्या. "पानी गोड शे!"

"अक्का, डाळ शिजते म्हणजे पाणी जड नाही, इतकंच. हा आकडा वेगळा. तान्ह्या बाळाला हे पाणी चालत नाही, अंग निळं पडतं."

मुलाने अहवालातली क्षाराची ओळ वाचली, "मर्यादेतच आहे की" म्हणाला आणि कागद घडी घालून परत दिला. मी घडी उघडून ब्याण्णववर बोट ठेवलं.

अक्कांनी डोळे बारीक केले. "खरं सांगा भाऊ, जास्तीवालं गिऱ्हाइक भेटनं का तुमले?"

आत माझी बायको फिस्सकन हसली. मला हसू येईना.

"सरळ बोला ना," मुलगा म्हणाला, "किती वाढवू? स्वतःच्या विहिरीला नावं ठेवणारा मालक आम्ही तरी पाहिला नाही."

"एक रुपया नको! भाव तोच. फक्त हा आकडा वाचा."

"तुम्ही प्यायलात ना इतकी वर्षं? काय झालं?"

"आमच्या घरात तान्हं बाळ नव्हतं," मी जवळजवळ ओरडलोच.

तेव्हा सून म्हणाली, "उकळून दिलं तर?"

"नाही. पाणी आटतं, नायट्रेट मागेच राहतं. प्रमाण उलट वाढतं."

"मग गावच्या नळाचं?"

हो म्हणालो असतो तर व्यवहार तिथेच झाला असता. पण नळाचं पाणी मी तपासलेलं नव्हतं, आणि तसंच सांगितलं.

ती नवऱ्याकडे वळली. "आधी ते तपासा. तोवर बयाणा देऊ नका."

अक्कांनी पैशांची पिशवी पुन्हा कमरेला खोचली आणि दारातून वळून विचारलं, "भाऊ, तुमले घर इकानं शे का नही?"